पाण्यावरचे बाबा

पितृपंधरवड्यात आमच्याकडे पितर जेवायला घालायचे, त्या दिवशी आत्या एक पान जास्तीचं वाढायची. भात, वरण, भोपळ्याची भाजी, अळू, खीर, उडदाचे वडे, सगळं थोडं थोडं. बाकीची पानं कौलांवर कावळ्यांसाठी जायची. हे एक पान मात्र ती पदराखाली झाकून ओढ्यावर न्यायची आणि पाण्यात सोडायची. मी मागोमाग जायचे.

"कुणाचं गं हे?"

"पाण्यावरच्या बाबांचं."

"ते कुठं असतात?"

"शिंगापूरला."

शिंगापूर म्हणजे शिखर शिंगणापूर, असंच आम्ही पोरं धरून चाललो होतो. शंभूमहादेवाच्या कावडीबरोबर गेले असतील आणि वाटेत काहीतरी झालं असेल. पाण्यात पान का सोडायचं, हे काही त्यात बसत नव्हतं, पण लहानपणी सगळंच बसतं. पुढे चुलत्यांच्या बोलण्यातून दुसरा तुकडा हाती लागला. बाबांना काळ्या पाण्याची सजा झाली होती. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मग तर्क लावला की काळं पाणी म्हणजे अंदमान, आणि शिंगणापूर ही बायकांनी पोरांसाठी रचलेली गोष्ट. लेकरांना सजा वगैरे कशी सांगायची? देवाला गेले म्हणायचं आणि विषय मिटवायचा.

निवृत्त झाल्यावर नाना एका सहलीबरोबर अंदमानला जाऊन आले. सेल्युलर जेलमध्ये सगळी मंडळी सावरकरांच्या कोठडीपाशी गेली, तेव्हा नाना मागेच राहिले. खालच्या मजल्यावरच्या एका रिकाम्या कोठडीसमोर त्यांनी चपला काढल्या, डोकं टेकलं आणि रडले. नानांना रडताना मी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, आजी गेली तेव्हा. येताना त्यांनी मूठभर माती कागदाच्या पुडीत बांधून आणली. ती आजही आमच्या देव्हाऱ्याशेजारी पितळेच्या डबीत आहे.

त्यानंतर काही वर्षांनी मी बाबांचा शोध घ्यायला बसले, आणि पहिल्या कागदातच माझ्या लक्षात आलं की ती माती भलत्याच बेटाची आहे.

हे कळलं ते घरातल्याच एका कागदावरून. जमिनीच्या वाटणीचा मोडीतला कागद, शके १७७१ चा, म्हणजे इसवी सन १८४९-५० चा. आधी मी मोडीच्या वर्गाला जाऊन बसले, सहा महिने बाराखडी घोटली आणि मग तो कागद पुढ्यात घेतला. चार भावांतल्या तिघांची नावं वाटणीला होती. चौथ्याच्या नावापुढे एकच शब्द, 'परागंदा'. ज्याचा पत्ता नाही, जो मुलूख सोडून गेला, त्याच्यासाठी जुन्या दफ्तरात हा शब्द येतो. म्हणजे १८४९ च्या आत बाबा गेले होते. आणि अंदमानात कैद्यांची वसाहत सुरू झाली ती १० मार्च १८५८ ला, डॉ. वॉकर नावाचा अधिकारी सत्तावनच्या उठावातले दोनशे कैदी घेऊन 'सेमिरॅमिस' जहाजातून उतरला तेव्हा. सेल्युलर जेल तर त्याहून पुढची, १८९६ ते १९०६ या काळात बांधलेली. नानांनी जिथं डोकं टेकलं त्या कोठडीच्या विटा भाजल्या गेल्या तेव्हा बाबा जिवंत असते तर ऐंशी-नव्वदीच्या घरात असते.

हे नानांना लगेच सांगायचं धैर्य मला झालं नाही. अंदमान नाही तर मग कुठे, याचं उत्तर हाती आलं की सांगू, असं मी स्वतःला बजावलं. सांगायला दोन वर्षं लागली.

आपल्याकडे काळं पाणी म्हटलं की अंदमानच डोळ्यांपुढे येतं, आणि अंदमान म्हटलं की राजबंदी. ते साहजिकच आहे. पण त्याच्या आधी सत्तर वर्षं कंपनी सरकार कैद्यांना समुद्रापार धाडत होतं. सुमात्रातलं बेंकुलेन, मग पिनांग, मलाक्का, ब्रह्मदेशाचा किनारा, एडन. मॉरिशसला १८१५ ते १८३७ या काळात दीडेक हजार हिंदी कैदी गेले. त्यात मुंबई इलाख्यातलेही होते. वासुदेव बळवंत फडक्यांचं काळं पाणी एडनला होतं. ते तिथेच १८८३ च्या फेब्रुवारीत गेले. म्हणजे काळं पाणी हे एका गावाचं नाव नव्हतंच कधी. जहाज नेईल तिथे ते असायचं.

मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या दगडी इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. मुंबई सरकारचा हा दफ्तरखाना १८२१ पासूनचा. तिथे शाईचं पेन चालत नाही, शिसपेन्सिल घेऊन बसायचं. चिठ्ठीवर खात्याचं नाव, साल, खंडाचा क्रमांक लिहून द्यायचा आणि वाट बघायची. न्याय खात्याचे ते जाडजूड खंड टेबलावर आले की आधी हात लावायचीच भीती वाटते. कडा तपकिरी झालेल्या, पान उलटताना कागदाचा बारीक चुरा मांडीवर पडतो. संध्याकाळी ट्रेनमध्ये ओढणी झटकली की तो चुरा दिसायचा, आणि दर वेळी मनात यायचं की यातलं एखादं अक्षर आपण आज घरी नेलं.

सगळ्यात जास्त दमवलं ते नावांनी. इंग्रज कारकुनानं कानाला जसं पडलं तसं लिहिलेलं. ठाण्याचं टन्ना, जुन्नरचं जूनेर, नगरचं नुग्गर, रत्नागिरीचं रुटनाघेरी. माणसाचं नाव, मग 'बिन' किंवा 'वलद', मग बापाचं नाव. आडनाव बहुतेक नाहीच. आणि जातीच्या रकान्यात आमच्यापुढे 'कूली'. महादेव कोळ्यांना कुणी कूली लिहिलंय, कुणी कोली, आणि ओझी वाहणारा हमालही त्याच अक्षरांत कूली. किती तरी यादीतले कूली मी आपले म्हणून उतरवून घेतले आणि मागून कळलं की ते भलत्याच जातीचे, भलत्याच मुलखातले मजूर होते. मग गाव जुळतंय का बघायचं. आमच्या गावाचं नाव मी नऊ तऱ्हांनी लिहून ठेवलं होतं. बाबा सापडले ते दहाव्या तऱ्हेनं.

पण त्याच्या आधी 'शिंगापूर' सापडलं.

ते कुणा भलत्याच कैद्याबद्दलचं पत्र होतं. मजकूर साधाच होता. अमुक इतक्या कैद्यांना पिनांग, मलाक्का आणि सिंगापूर येथे पाठवण्यासाठी जहाजाची तजवीज करावी. मॉरिशसची वाट १८३७ ला बंद झाल्यावर मुंबईचे जन्मठेपेचे कैदी प्रामुख्यानं याच तीन बंदरांकडे जाऊ लागले होते. मी ते वाक्य वाचलं, पुढे गेले, आणि पुन्हा मागे आले. सिंगापूर. मनातल्या मनात आत्याच्या आवाजात म्हणून पाहिलं, शिंगापूर.

पेन्सिल खाली ठेवून मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. आत्या चौथीपर्यंत शिकलेली. जुन्नरच्या पलीकडे तिनं जग पाहिलं ते आळंदी आणि पंढरपूर. तिला हा शब्द तिच्या आजीनं दिला असणार, तिला तिच्या सासूनं. चार-पाच बायकांनी, प्रत्येकीनं चुलीपाशी बसून, तो शब्द जसाच्या तसा पुढच्या हातात दिला. अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता. अर्थ लावायला गेलो ते आम्ही, शाळा शिकलेले, आणि आम्हीच तो शब्द खोटा ठरवला.

आत्या तेव्हा जाऊन अकरा वर्षं झाली होती.

एकदा बंदर कळल्यावर शोधाचा रोख बदलला. कैद्यांच्या प्रत्येक तुकडीबरोबर एक वर्णनयादी जायची. अशी यादी एकाहून जास्त ठिकाणी लागते, धाडणाऱ्या सरकारला, जहाजाच्या कप्तानाला आणि पलीकडे उतरवून घेणाऱ्याला, कारण मधल्या मधे माणूस बदलला तर ओळखायचं कशावरून? तेव्हा फोटो नव्हते. म्हणून माणसाचं अंग लिहून काढायचे. वय, उंची फूट-इंचांत, बांधा, खुणा, जात, धंदा, गाव, गुन्हा, सजा, कोणत्या कोर्टाची, कोणत्या तारखेची.

१८४२ च्या एका यादीत बाबा आहेत. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. तसा घरात शब्द दिला आहे, त्याचं कारण पुढे येईल. बापाचं नाव जुळतं, गाव जुळतं, मोडी कागदातल्या चार भावांतलं हेच नाव वाटणीत नाही. वय अंदाजे अठ्ठावीस. उंची पाच फूट दोन इंच. चेहऱ्यावर देवीचे वण. दोन्ही कान टोचलेले. डाव्या भुवईच्या वर जुन्या जखमेची खूण. उजव्या दंडावर गोंदण. धंदा, शेती.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी स्वयंपाकघराच्या चौकटीवर, जिथे माझ्या मुलाची उंची दर वाढदिवसाला मोजतो, तिथे टेप लावून पाच फूट दोन इंचांवर पेन्सिलीची खूण केली. माझ्या कपाळाशी आली ती. मुलाची तेराव्या वर्षाची रेघ त्याच्या जरा वर होती. मुलगा म्हणाला, "एवढेसे होते?" एवढेसेच होते. दरोडेखोर म्हटल्यावर मिशाळ धिप्पाड माणूस मीही मनात धरला होता.

याचा विचार मी अजून करते. बाबांचे तीन भाऊ गावातच राहिले, कष्टानं जगले, कुणाचं काही घेतलं नाही. त्यांच्यातल्या एकापासून आमचं घर आलं. त्या तिघांबद्दल जगात कुठेही एक अक्षर जास्तीचं नाही. कागदावर फक्त नावं. ते उंच होते की बुटके, कुणाला देवी आल्या होत्या, कुणाच्या हातावर काय गोंदलं होतं, काही म्हणजे काही माहीत नाही. गरिबाच्या अंगाकडे इतकं निरखून कुणी बघतच नव्हतं. बघितलं ते सरकारनं, आणि तेही पळून गेला तर धरता यावा म्हणून. ज्याचं नाव घरानं पुसलं, त्याचाच चेहरा आज आमच्यापाशी आहे. बाकीच्यांचा गेला.

गुन्ह्याच्या रकान्यात होतं: रात्री जमाव करून दरोडा, मारहाणीसह. खटल्याचा सारांश पुढच्या एका खंडात सापडला. सहा जण होते. शेजारच्या गावातल्या सावकाराच्या घरावर गेले. चोरीला गेलेल्या मालाची यादी मी आता पाठ म्हणू शकते: पितळेचे तीन हंडे, तांब्याची परात, चांदीचे वाळे, दोन घोंगड्या, नागलीची पोती. पोती किती, ते शाईच्या डागाखाली गेलंय. माणसं नागली उचलून नेतात तेव्हा घरात काय परिस्थिती असते, ते आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही.

इथे माझ्या चुलतभावाचे डोळे चमकले. "अगं, सावकार! म्हणजे बंडच की. राघोजी भांगऱ्यांचीच माणसं असणार." मला त्याचं मन कळतं. आमच्या डोंगरात १८३९ ला घोडच्या कचेरीवर जमाव चालून गेला होता, काहींना फाशी झाली होती. पुढे १८४४ पासून राघोजी भांगऱ्यांनी सावकार आणि सरकार दोघांनाही सळो की पळो करून सोडलं. २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात ते फासावर गेले. बाबांचं १८४२ या दोन बंडांच्या मधल्या फटीत पडतं. कुठल्याच बंडाचं नाव त्या खटल्यात नाही. सारा भरून आणि व्याज देऊन मोडलेली माणसं तीच, सावकार तोच, राग तोच. पण मी बाबांना क्रांतिकारक म्हणणार नाही. म्हणावं असं कितीही वाटलं तरी नाही.

कारण त्या खटल्यात आणखी एक माणूस आहे. जागल्या. सावकाराच्या ओसरीवर रात्री झोपणारा, गावची राखण करणारा. त्याला काठ्यांनी मारलं आणि चौथ्या दिवशी तो गेला. त्याच्या बायकोची जबानी आहे. चार दिवस त्याला पाणी चमच्यानं पाजलं, असं ती सांगते. सहापैकी दोघांना फाशी झाली, चौघांना जन्मठेप काळं पाणी. बाबांची काठी त्याला लागली की नाही, ते कागदातून कळत नाही. तेही आमच्यासारखंच गरिबाचं घर होतं, कदाचित आमच्याहून गरीब. मी माझ्या माणसाचा माग काढत त्या पानापर्यंत पोहोचले आणि तिथे ही बाई भेटली. तिचं बोलणं कुणा कारकुनानं मोडीतून इंग्रजीत नेलेलं, तरी चमचा राहिला आहे. बंडाचा झेंडा लावून ते पान मला झाकता येणार नाही.

नाव का देत नाही, तेही सांगते. ऑस्ट्रेलियात १७८८ ते १८६८ या काळात ब्रिटनमधून सुमारे एक लाख बासष्ट हजार कैदी नेले. त्यांच्या नोंदी २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटावर गेल्या. तिथला माणूस घरी बसून नाव टाकतो आणि पणजोबांचं जहाज, डोळ्यांचा रंग, सगळं पुढ्यात येतं. तिथेही पिढ्यान् पिढ्या ही गोष्ट लपवत होते, आता अभिमानानं सांगतात. मी हे चुलतभावाला सांगितलं तेव्हा तो एकच बोलला, "त्यांच्या अख्ख्या जातीला कुणी चोर म्हटलं नव्हतं." खरं आहे ते. आपल्याकडे १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि जन्माला येतानाच माणूस गुन्हेगार ठरू लागला. रामोशी, पारधी, बेरड, कितीतरी लोकांना त्याचा जाच स्वातंत्र्यानंतरही सुटला नाही. डोंगरातल्या आमच्या लोकांकडेही पोलिसांची नजर कधी सरळ नव्हती. तेव्हा चुलतभावाची भीती मी मोडीत काढू शकत नाही. म्हणून नाव नाही.

जहाजाचं नाव यादीत नव्हतं. यादीच्या वरचा कोपरा वाळवीनं खाल्लेला. राहिली होती फक्त महिन्याची नोंद. मग उलट्या बाजूनं जायचं ठरवलं. सिंगापूरला १८३५ पासून 'सिंगापूर फ्री प्रेस' निघत होतं. तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयानं जुनी वर्तमानपत्रं सगळ्यांना घरबसल्या वाचता येतील अशी ठेवली आहेत. त्यात जहाजांच्या आवकजावकीचा रकाना असतो. तारीख, जहाज, कप्तान, कुठून आलं, कुठे जाणार. रात्री जेवणं आटोपली की मी तो रकाना उघडून बसायचे. त्या काळी कैद्यांसाठी वेगळी जहाजं क्वचितच असत. मुंबईहून कापूस आणि अफू घेऊन चीनकडे निघालेल्या व्यापारी जहाजांवरच माणसंही भरायचे, डोईमागे भाडं ठरवून. नैऋत्येचा वारा धरून निघायचं, वाटेत सिंगापूरला कैदी उतरवायचे, पुढे माल घेऊन मकाव-कँटनकडे. एका बाजूला कापसाचे दाबलेले गठ्ठे आणि शेजारी बेडीतली माणसं.

त्या दिवसांत मुंबईहून आलेली दोनच जहाजं बसतात. दोन्हींची नावं मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहेत. बाबा दोन्हींतल्या एकावर होते. कुठल्या, ते ठरवायची मला आता घाई नाही. पोचपावती मात्र मिळाली. उतरवून घेतलेल्यांचे आकडे आणि वाटेत मेलेल्या दोघांचे क्रमांक. त्यात बाबांचा क्रमांक नाही. म्हणजे ते पोहोचले. रात्री साडेअकराला मी एकटीच टेबलाशी मोठ्यानं म्हणाले, "पोहोचले." पावणेदोनशे वर्षांनी कुणीतरी घरात ही खबर सांगितली.

मुंबईत कोळी म्हणजे दर्यावर्दी. आम्ही डोंगरातले. नाणेघाटाच्या माथ्यावरून दिसली तर कोकणातली धूसर झाडी, समुद्र नाही. बाबांनी पहिला समुद्र पाहिला तो बहुधा पायात बेडी असताना, आणि तोच ओलांडायचा होता. ओलांडला की जात गेली, असं समजणारा काळ. जहाजावरचं शिजवलेलं अन्न खायला तयार नसतील अशा कैद्यांसाठी पोहे आणि भाजलेले चणे भरायची पद्धत होती. बाबांनी काय खाल्लं असेल? नागली खाणारा माणूस महिनाभर पोह्यांवर? असले प्रश्न मला दिवसा, ऑफिसात फाइल हातात असताना पडायचे.

सिंगापूरला मी एकटी गेले, चार दिवस. तिथे पहिले हिंदी कैदी १८२५ मध्ये आले, बेंकुलेनहून, इंग्रजांनी ते ठाणं डचांना सोडलं तेव्हा. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं दलदल भरायला, रस्ते काढायला, खाणीतला दगड फोडायला हेच लोक. त्यांच्या सहा इयत्ता केलेल्या होत्या. अगदी तळाशी बेडीतले, आणि वर्षानुवर्षं नीट वागलेले वर चढत चढत परवाना घेऊन बाहेर राहायला मोकळे. कैद्यांवर पहारेकरीही कैद्यांतूनच नेमलेले. विटा भाजणं, सुतारकी, लोहारकी शिकवत. १८५६ ते १८६१ या काळात त्यांच्या हातांनी सेंट अँड्र्यूज चर्च उभं राहिलं. ते आजही तसंच आहे, पांढरंशुभ्र.

आत गेले तर प्रार्थना संपून गेलेली, पंखे फिरत होते. खांबांना आणि भिंतींना जो गिलावा आहे, त्याची कृती नोंदलेली आहे: शिंपल्यांचा चुना, अंड्याचा पांढरा बलक, गूळसाखर, आणि नारळाची सोडणं भिजवलेलं पाणी. वाळत आला की गुळगुळीत दगडानं घोटायचा. चुन्यात गूळ घालतात हे मी आमच्याकडच्या जुन्या वाड्यांबद्दल ऐकून होते. एका खांबाच्या मागच्या अंगाला, कुणी बघत नाही असं पाहून, मी तळवा टेकला. गार होता, आणि काचेसारखा. बाबा तोवर बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांचे झाले असतील, असलेच तर. त्यांचे हात याला लागले असं मी म्हणत नाही. त्यांच्याबरोबर उतरलेल्या कुणाचे तरी लागले असतील, इतकं मला पुरलं. जन्मठेपेतून सुटलेले कितीतरी तिथेच राहिले, तिथल्या बायकांशी संसार थाटले. १८६७ मध्ये ती बंदरं हिंदुस्थान सरकारकडून काढून घेतली आणि १८७३ पर्यंत उरलेले कैदी अंदमानला हलवले गेले. त्यात बाबा असते तर साठीच्या घरात असते. म्हणजे नानांची माती अगदीच चुकीची असेल असंही नाही. पण ही समजूत मी ओढून आणलेली आहे, आणि मला ते ठाऊक आहे.

एक गोष्ट मात्र मी शोधत नव्हते तरी समोर आली. त्याच न्याय खात्याच्या खंडांत उलट दिशेच्या याद्या आहेत. पिनांगहून, सिंगापूरहून मुंबईला धाडलेले चिनी आणि मलायी कैदी. त्यांच्यासाठी आपलंच गाव काळं पाणी होतं! महाबळेश्वरला त्यांचा तुरुंग होता. तो १८६४ मध्ये बंद झाला. तिथल्या मळ्यांत त्यांनी बटाटे आणि इंग्रजी भाज्या पिकवल्या, वेताच्या टोपल्या विणल्या. शाळेच्या सहलीत आम्ही चायनामन फॉल पाहिला होता, शेंगदाणे खात, नाव असं का, हे कुणीच विचारलं नव्हतं. त्या याद्यांतही तसंच लिहिलंय. उंची, वण, कुठली जखम. पिनांगमध्ये किंवा कँटनमध्ये एखाद्या घरात, वर्षातून एकदा, कुणीतरी एक वाटी भात जास्तीचा ठेवत असेल आणि तोंडात एखादा शब्द घोळवत असेल, महाबळेश्वरचा कसाबसा उरलेला. त्या घरच्या माणसासाठी मी त्या याद्यांचे खंड आणि पानं माझ्या वहीत वेगळी लिहून ठेवली आहेत. कुणी विचारत आलंच तर.

नानांना सांगितलं ते गावी, ओसरीवर, संध्याकाळी. सगळं क्रमानं सांगितलं. मोडी कागद, १८५८, सिंगापूर, पाच फूट दोन इंच. अंदमानच्या कोठडीचं सांगताना माझा आवाज अडला. नाना बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आक्का खरं सांगत होती." आक्का म्हणजे आत्या, त्यांची थोरली बहीण. "मी तिला चारचौघांत हसलो होतो एकदा. शिंगणापूर म्हणून."

"माती काय करायची, नाना?"

"राहू दे की. तिथंही कुणाकुणाचे गेलेच ना?"

अंदमानात १८५८ नंतर सुमारे ऐंशी हजार माणसं नेली. हा आकडा मी त्यांना सांगितला नाही. त्यांना तो लागत नव्हता.

जागल्याचं सांगावं की नाही, यावर मी अडले होते. सांगितलं. चमच्यानं पाणी पाजल्याचंही. त्यावर ते काही बोलले नाहीत, उठून आत गेले.

पुढच्या पितृपंधरवड्यात मी गावी होते. आत्यामागे जास्तीचं पान वाढायचं बंदच झालं होतं. त्या दिवशी नानांनी वहिनीला सांगून दोन पानं जास्तीची वाढून घेतली. वहिनीनं विचारलं, "दुसरं कुणाचं?" नाना म्हणाले, "त्याच्या घरी कुणी उरलंय की नाही, काय माहीत."

आम्ही दोघंच ओढ्यावर गेलो. पाऊस लवकर गेला होता, पाणी कमी. एक पान सरळ निघून गेलं. दुसरं थोडं पुढे जाऊन दगडाला अडलं, तिथेच गोल फिरू लागलं. नानांनी धोतर वर खोचलं, हातातली काठी लांब केली, आणि पान मोकळं होईपर्यंत पाण्यात उभे राहिले.